एल्फ, ड्वार्फ आणि ऑर्क यांना कोणती वास्तुशैली द्यावी?

तुमच्या काल्पनिक जगातल्या एल्फ (रानात राहणारे दीर्घायुषी लोक), ड्वार्फ (डोंगराच्या पोटात राहणारे बुटके कारागीर) आणि ऑर्क (बहुधा खलनायक असणारे लढवय्ये) यांना खऱ्या जगातल्या कोणत्या कला-वास्तुशैली शोभतील, असा तुमचा प्रश्न आहे. नेहमीची यादी ठरलेली असते: एल्फांना आर नूव्हो (१९०० च्या सुमाराची वळणदार रेषांची युरोपीय शैली), ड्वार्फांना आर्ट डेको (१९२०-३० च्या दशकांतली भौमितिक शैली), ऑर्कांना कातडी आणि हाडं. माझा सल्ला असा की शैली सर्वांत शेवटी निवडा. आधी हाताशी साहित्य काय, हत्यारं कोणती, शरीर केवढं आणि आयुष्य किती हे लिहून काढा. निम्मी शैली तिथेच ठरते.

एल्फांचंच बघा. आर नूव्होच्या वेलींसारख्या रेषा रानात शोभतात खऱ्या, पण त्यांचा मोठा आधार लोखंड आहे. पॅरिस मेट्रोसाठी एक्तॉर गिमार या फ्रेंच वास्तुकाराने १९०० साली केलेल्या प्रवेशद्वारांचे देठांसारखे खांब साच्यात ओतलेले आहेत. तुमच्या एल्फांना तसे खांब हवे असतील तर भट्टी हवी, भट्टीला कोळसा हवा आणि कोळशासाठी झाडं पाडावी लागणार. वाचक हा हिशेब मांडत बसत नाही, पण चित्र उसनं वाटतं. एक तर ते लोखंड ड्वार्फांकडून येतं असं दाखवा, नाहीतर सरळ लाकडाकडे वळा.

मी लाकडाकडे वळेन. नॉर्वेतली मध्ययुगीन स्टेव्ह चर्च, म्हणजे उभ्या खांबांवर उभारलेली लाकडी चर्च, अभ्यासा, विशेषतः बोर्गुंड आणि उर्नेस. खांब थेट जमिनीत पुरले की बुडाशी कुजतात. म्हणून तिथे आधी दगडी पाया, त्यावर आडव्या तुळया आणि तुळयांवर खांब अशी रचना आहे. बाहेरून डांबराचा लेप. उर्नेसच्या दाराभोवती एकमेकांत गुंतलेले प्राणी कोरले आहेत. आर नूव्होत आवडते तीच वळणदार लय इथे नुसत्या छिन्नीने साधली आहे.

इथे आयुष्याचा प्रश्न येतो. दीर्घायुषी लोक टिकाऊ दगडातच बांधतील असं आपण गृहीत धरतो. मला उलट वाटतं. जपानमधलं इसेचं लाकडी देवस्थान दर २० वर्षांनी नव्याने बांधतात. २०१३ साली ते ६२व्यांदा बांधलं गेलं. आठशे वर्षं जगणारा सुतार असं बांधकाम ४० वेळा करू शकेल. कसब हातात जिवंत असेल तर इमारत टिकवण्याची घाई कशाला? दगडाचा हट्ट अल्पायुषी माणसांना जास्त शोभतो.

ड्वार्फांना आर्ट डेको देण्यातली अडचण वेगळी. न्यूयॉर्कमधल्या या शैलीच्या, पायऱ्यापायऱ्यांनी मागे सरकणाऱ्या उंच इमारतींमागे १९१६ चा नियम होता: रस्त्यावर ऊन-वारा पोहोचावा. डोंगराच्या पोटात ऊनच नाही, मग तो आकार आला कुठून? भौमितिक नक्षी हवी तर घ्या, पण बांधणी लेण्यांची घ्या. वेरूळचं कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं आहे. हीच पद्धत ड्वार्फांच्या दरबाराला लावली, तर छताजवळचं काम आजोबांचं आणि जमिनीलगतचं नातवाचं. खाली येताना नक्षी बदलत गेलेली दिसेल. चूक झाली तर दगड परत चिकटवता येत नाही, म्हणून एखाद्या खांबाची नक्षी शेजारच्याहून दोन बोटं खोल गेलेली दाखवा: चुकलेला घाव तासून काढल्याची खूण.

अजिंठ्याच्या २६व्या लेण्यात छताला दगडी फासळ्या आहेत. त्या काहीच पेलत नाहीत. लाकडी छपराची ती आठवण आहे. ड्वार्फांच्या छतात अशा खोट्या तुळया कोरल्यात की त्यांचे पूर्वज कधीतरी उघड्यावर, लाकडी घरांत राहत होते हे न सांगता कळतं. हवेची सोय मात्र विसरू नका. तुर्कस्तानात कॅपाडोशियातल्या डेरिनकुयू या भूमिगत शहरात खोल हवा-विहिरी आहेत आणि वाट अडवायला गोल, गडगडत सरकणाऱ्या दगडी चकत्या आहेत.

मापं हीच बहुतेकांची मोठी चूक. माणसाच्या जिन्याचा ठोकताळा असा: पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक तिची पाऊल टेकायची रुंदी, बेरीज साधारण ६३ सेंमी, म्हणजे उंची १७, रुंदी २९. १७० सेंमीच्या माणसाऐवजी १३० सेंमीचा ड्वार्फ धरला तर सगळं सुमारे ०.७६ पट: पायरी १३ बाय २२, दार २१० ऐवजी १६० सेंमी. त्या जिन्यावरून उतरताना माणसाची बोटं पायरीबाहेर येतात आणि तो पाय तिरका टाकू लागतो. चित्रात एवढं दाखवलं तरी जागा कोणाची आहे हे पटतं.

ऑर्कांबाबत सावध राहा. खलनायकांना आज हयात असलेल्या एखाद्या समाजाचा पूर्ण पेहराव चढवला की वाचकाला तोच समाज दिसतो. ते अन्यायाचं आहे आणि आळसाचंही. दोन दूरच्या, प्राचीन परंपरा एकत्र करा आणि कारागिरी उत्तम दाखवा. ऑर्क भटके असतील तर त्यांची कला उचलून नेता येणारी हवी: खोगिरावरचं नमद्याचं (दाबून घट्ट केलेल्या लोकरीचं) काम, पट्ट्याचे बिल्ले, अंगावरचं गोंदण. सायबेरियाच्या अल्ताई पर्वतातल्या पाझिरिक इथल्या प्राचीन भटक्यांच्या थडग्यांमध्ये बर्फामुळे हे सगळं टिकून राहिलं आहे. तिथल्या गोंदणातले प्राणी अंग पिळून खांद्याच्या गोलाईवर बसवलेले आहेत. ऑर्काचं चित्र काढताना आधी ते गोंदण काढा, चिलखत नंतर.