एक वाजता मागे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा सायकलच्या दुकानात तू मागचा टायर बदलून घेत उभी होतीस. मी लेहबद्दल विचारले तेव्हा तू विषय बदललास आणि रात्री मात्र चार पाने लिहून पाठवलीस. पहाटे पाचला तुम्ही चौघे लेहहून निघालात. दुपारी एक वाजता जिथे असू तिथून परत फिरायचे, असे तू आदल्या रात्री वहीत लिहून ठेवले होतेस. एकला खारदुंग खिंड अजून पाच किलोमीटर वर होती आणि तू सायकल वळवलीस. बाकीचे तिघे चारच्या सुमारास माथ्यावर पोहोचले, सुखरूप उतरले, आणि आता त्यांच्या फोटोंचे कौतुक तुला रोज पाहावे लागते आहे. त्यांना काहीच झाले नाही, मग माझे चुकले का, असे तू विचारतेस.

परत फिरलीस त्यात काहीही चुकले नाही. पण त्यांना काही झाले असते तर तू बरोबर ठरली असतीस, असा जो हिशेब तुझ्या प्रश्नात दडला आहे, त्याचा मला राग आला. परतीची वेळ खाली ठरवायची असते आणि वर ती फक्त पाळायची असते. दुसऱ्याचे वर काय झाले यावर ती बरोबर किंवा चूक ठरत नाही.

लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे आणि खिंड ५,३५९ मीटरवर, म्हणजे चाळीस किलोमीटरांत साडेअठराशे मीटरांची चढण. आपल्या सिंहगडाचा घाटरस्ता जेमतेम सहाशे मीटर चढतो. तीन सिंहगड एकावर एक रचायचे आणि ते निम्म्या हवेत चढायचे, असा तो दिवस असतो. पायांचे काय होते ते तू अनुभवलेच आहेस, परंतु त्या हवेत पायांइतकेच डोकेही मंदावते, आणि गंमत अशी की ते मंदावल्याचे डोक्याला कळत नाही. ‘आता थोडेच राहिले’ हे वाक्य खाली बसून म्हटले तर अंदाज असतो, वर म्हटले तर बहुधा थकवा बोलत असतो. शिवाय दुपार कलली की बर्फ वितळून रस्त्यावरचे ओहोळ फुगतात, सावलीतले वळण गारठते, आणि इतका सगळा उतार घामाने भिजलेल्या कपड्यांत उतरायचा शिल्लक असतो. म्हणून वेळ खाली ठरवायची.

मी २००३ मध्ये त्याच रस्त्यावर होतो. बरोबर कॉलेजपासूनचा एक मित्र होता. साउथ पुल्लूच्या चौकीवर आम्ही चहा घेतला. पुण्याहून नेलेले बाकरवडीचे पाकीट हवेचा दाब उतरल्यामुळे उशीसारखे टम्म फुगले होते आणि ते फोडताना झालेल्या आवाजाला आम्ही पोरांसारखे हसलो. त्यापुढे डांबर संपले. एक वाजला तेव्हा मैलाच्या दगडावर खिंड तीन किलोमीटर दाखवली होती आणि माथ्यावरच्या पताका डोळ्यांना दिसत होत्या. मी थांबलो. मित्र म्हणाला, ‘तीन किलोमीटर म्हणजे डेक्कन ते स्वारगेट.’ मी म्हणालो, एक वाजला. तो पुढे गेला आणि मी उतरू लागलो.

तेव्हा माझ्या सायकलला रिमवर दाबणारे रबरी ब्रेक होते. बोटे इतकी बधिर झाली होती की ब्रेकचा दांडा किती दाबला जातो आहे हे मला हाताने कळत नव्हते, डोळ्यांनी पाहावे लागत होते. दर किलोमीटरला थांबून हात काखेत धरायचे आणि पुन्हा निघायचे. एकदा थांबल्यावर रिमला हात लागला. ती तापली होती, आणि चटका बसल्याचे बोटाला उशिरा समजले.

मित्राला काही झाले नाही. तो संध्याकाळी सातला लेहमध्ये हसत आला, पिवळ्या फलकाशेजारचा फोटो घेऊन. त्या फलकावर १८,३८० फूट लिहिलेले होते. पुढे नव्या मोजणीत खिंडीची उंची त्याहून सुमारे आठशे फूट कमी भरल्याचे मी वाचले, तेव्हा मला झालेला आनंद माझ्या वयाला शोभणारा नव्हता, हे कबूल करतो.

मी पुन्हा तिकडे गेलो नाही. कधी रजा मिळाली नाही, कधी गुडघा आडवा आला, मग मुलीची बारावी. लोक समजतात की माथा हुकल्याची खंत मला आहे. ती नाही, किमान रोज तरी नसते. मला बोचते ते चार ते सात हे तास, जे मी लेहच्या त्या खोलीच्या खिडकीशी उभे राहून काढले. एक ही वेळ मी ठरवली होती, परंतु ती माझी मीच ठरवली होती. मित्राशी आदल्या रात्री सायकलींविषयी, जेवणाविषयी, अगदी मोज्यांविषयीही बोललो आणि वेळेविषयी बोललो नाही, कारण वाद नको होता. त्यामुळे एक वाजता आम्ही दोघे वेगवेगळ्या दिवसांत होतो. मी नियम पाळला आणि माणूस वर सोडून आलो.

आता तुझे पान पुन्हा वाच. तुझी वेळही फक्त तुझ्या वहीत होती. तू पस्तीस किलोमीटर एकटी उतरलीस. वाटेत चेन तुटली असती तर तुझ्या मागे कोणी नव्हते आणि त्यांच्यापैकी कोणाचे डोके गरगरले असते तर त्यांना खाली आणणारी चौथी सोबत नव्हती. वेळ खाली ठरवायची याचा अर्थ चौघांनी मिळून, मोठ्याने, जेवणाच्या ताटावर ठरवायची. जो कबूल होत नाही त्याच्याबरोबर निघायचे नाही. इतके कडक बोललो तर मित्र तुटतात असे तू म्हणशील. एखादा तुटतोही. माझा तुटला नाही, पण त्यानंतर आम्ही एकत्र घाट चढलो नाही.

पुढच्या वर्षी परतीची वेळ दीडची करू का, असेही तू विचारले आहेस. अजिबात करू नकोस. बदलायचेच असेल तर निघण्याची वेळ बदल; साडेतीनला नीघ, लेहमध्ये आणखी दोन दिवस राहून अंगाला ती हवा मुरू दे, चौकीवरचा चाळीस मिनिटांचा चहा दहा मिनिटांत आटप, आणि तो मोठा कॅमेरा पाठीवरून उतरव. एवढे केलेस की पाच किलोमीटर आपोआप निघतात. निघाले नाहीत तर एकला मागे.

या रविवारी पहाटे साडेपाचला सिंहगडाच्या पायथ्याशी, डोणज्याला ये आणि त्या तिघांनाही घेऊन ये. साडेसातला मागे फिरायचे आहे, गडावरच्या मडक्यातल्या दह्यापासून दोन वळणे खाली असलो तरीही. हे त्यांना शनिवारी नव्हे, आजच सांग, आणि त्यांचे उत्तर मला कळव. तुझ्या पुढच्या ब्रेकचे पॅड पार झिजले आहेत, मी परवा दुकानात पाहिले. ते त्याआधी बदलून घे.

तुझा,
काका