इंग्रज चरित्रकार लिटन स्ट्रेची वाचायचा तर सुरुवात कुठून करावी? आणि त्याच्यावर विश्वास ठेवावा का?

‘एमिनंट व्हिक्टोरियन्स’पासून (१९१८) सुरुवात करा, मजा पुरेपूर मिळेल, फक्त तपशिलासाठी त्याच्यावर विसंबू नका. कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल मॅनिंग, परिचारिका फ्लॉरेन्स नाइटिंगेल, रग्बी शाळेचे मुख्याध्यापक डॉ. आर्नल्ड आणि सुदानमध्ये मारला गेलेला ब्रिटिश सेनानी जनरल गॉर्डन अशी चारच चरित्रं त्यात आहेत, तीही आटोपशीर. त्याआधी इंग्रजीत थोरामोठ्यांचं चरित्र म्हणजे बहुतेकदा दोन जाडजूड खंड आणि पानोपानी आरती. स्ट्रेचीने (१८८०-१९३२) ती प्रथाच मोडली. प्रस्तावनेच्या पहिल्याच वाक्यात तो सांगून टाकतो की व्हिक्टोरियन काळाचा इतिहास कधीच लिहिला जाणार नाही, कारण आपल्याला त्याबद्दल फारच माहिती आहे! दोन्ही पुस्तकं (दुसरं खाली सांगतो) वाचून माझं मत असं, की नाइटिंगेलबाईंचं प्रकरण आधी घ्यावं. हातात दिवा घेतलेली देवी बाजूला सारून तो मंत्र्यांना कामाला जुंपणारी, आजारपणातही घरबसल्या सूत्रं हलवणारी करारी बाई उभी करतो.

विश्वासाचं म्हणाल तर एक नमुना पाहा. आर्नल्डचे पाय असायला हवे होते त्यापेक्षा ‘कदाचित’ आखूड होते, असं तो लिहून मोकळा होतो. पुरावा देत नाही. त्या ‘कदाचित’मध्येच सगळी खोच आहे. हे खटकत असेल तर १९२१ सालचं ‘क्वीन व्हिक्टोरिया’ घ्या. तिथे तळटिपा आहेत, आणि टिंगल करायला निघालेला लेखक हळूहळू राणीच्या प्रेमात पडलेलाही दिसतो.