वेगळ्या कंपनीची रॅम लावली म्हणून बोर्ड जळत नाही

तुम्ही विचारलंय की तुमच्याकडे ८ जीबी डीडीआर४ रॅमची २६६६ स्पीडची एक स्टिक आहे, शेजारी दुसऱ्या कंपनीची ८ जीबी ३२०० लावायची आहे, आणि दुकानदार म्हणतोय की कंपनी वेगळी असली तर मदरबोर्ड जळेल, त्यापेक्षा जुनी काढा आणि दोन्ही नवीन घ्या. लावा बिनधास्त. काही जळत नाही. दोन्ही डीडीआर४ आहेत, बोर्ड दोन्हींना एकच व्होल्टेज देतो, आणि मशीन चालू होताना बायोस (बोर्डातला मशीन सुरू करणारा प्रोग्राम) दोन्हींवरची माहिती वाचून दोघींना झेपेल असा स्पीड लावतो. तुमच्या बाबतीत तो बहुतेक २६६६ असेल.

एवढंच लिहून थांबणार होतो, पण हे "कंपनी वेगळी म्हणून" वाक्य मी आमच्या घरात २०१९ पासून ऐकतोय, त्यामुळे सगळं लिहितो.

आमचा नाशिकरोडला फोटो स्टुडिओ आहे, दादाचा आणि माझा. दादा शूटिंग बघतो, मी अल्बमचं डिझाइन. मशीन २०१६ ला घेतलेलं, सहाव्या जनरेशनचा आय५ ६४०० प्रोसेसर आणि एच११० चा बोर्ड, रॅमचे दोनच स्लॉट, त्यात ८ जीबीची एकच स्टिक. लग्नाच्या अल्बमचं काम ज्यांनी केलंय त्यांना माहितीये, १२ बाय ३६ ची एक शीट ३०० डीपीआयला लेयरसकट सातशे-आठशे एमबीची फोटोशॉपची पीएसडी फाइल होते, अशा तीन शीट उघडल्या की ८ जीबी संपली आणि मशीन हार्डडिस्क खरवडत बसतं. म्हणून २०१९ च्या एप्रिलमध्ये मी कॅनडा कॉर्नरला जाऊन अजून एक ८ जीबी आणली. जुन्या कंपनीची त्या दिवशी नव्हती, दुसऱ्या चांगल्या कंपनीची २६६६ मिळाली, तीन हजारांच्या आत. दादा तेव्हाच म्हणाला की थांब, त्याच कंपनीची येऊ दे. सीझन चालू, औरंगाबाद रोडच्या लॉन्सवर एका दिवसात दोन-दोन लग्नं, मी कशाला थांबतो.

पहिला आठवडा एकदम मस्त गेला. मग मे लागला आणि निळी स्क्रीन यायला लागली. आधी दिवसातून एकदा, मग दोन-तीनदा, कधी मेमरी मॅनेजमेंट लिहून यायचं, कधी दुसरंच काहीतरी. त्यात एका पार्टीच्या अल्बमच्या पाच शीट सेव्ह केलेल्या होत्या त्या उघडेचनात, फाइल खराब. मुलीचे वडील अल्बम न्यायला दुकानात येऊन बसलेले आणि मी आत पाच शीट पहिल्यापासून करतोय, तो दिवस मी विसरणार नाही. दादा त्यांच्यासमोरच बोलला, "तुला सांगितलं होतं का नव्हतं, एकाच कंपनीची घे म्हणून?" दुसऱ्या दिवशी तो स्वतः द्वारकेच्या ट्रॅफिकमधून एका ओळखीच्या दुकानदाराकडे गेला, त्यानेही हेच सांगितलं की मिक्स केली म्हणून झालं, आणि सात हजारांची दोन स्टिकची कीट दिली. कीट लावली, निळी स्क्रीन बंद. झालं, दादाचं म्हणणं सिद्ध झालं. त्या दिवसापासून घरात कुणीही कुठलीही वस्तू आणली, मिक्सरचं भांडं असो नाहीतर गाडीचा टायर, दादा म्हणणार "याच्यासारखं नको, एकाच कंपनीचं घ्या."

मला तेव्हाही पटलं नव्हतं, कारण कीट लावताना दोन्ही जुन्या स्टिक बाहेर आल्या होत्या. मिक्स असणं बंद झालं हे खरं, पण त्या दोन स्टिकसुद्धा मशीनमधून गेल्या ना. दोन गोष्टी एकदम बदलल्यावर गुण कुठल्या गोष्टीचा आला हे कसं सांगणार? मी दोन्ही स्टिक फेकू दिल्या नाहीत, ड्रॉवरमध्ये ठेवल्या.

दिवाळीत दोन दिवस मोकळे मिळाले तेव्हा घरच्या मशीनवर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासायचा प्रोग्राम लावला. पेनड्राइव्हवर टाकायचा, त्यावरून मशीन चालू करायचं, विंडोजचा काही संबंध येत नाही. फुकट आहे. आधी आळ असलेली नवीन स्टिक एकटी लावली, रात्री साडेदहाला सुरू केलं, सकाळी सातला बघितलं तर शून्य एरर. मग २०१६ ची, आमची विश्वासाची, तीन वर्षं चाललेली स्टिक एकटी लावली आणि चाळीस मिनिटांत एररच्या लाल ओळी. स्लॉट बदलला, लाल. कॉन्टॅक्ट खोडरबरने पुसून परत लावली, तरी लाल. मग मला आठवलं की आधीही मशीन महिन्यातून एक-दोनदा अडकायचंच, आम्ही ते लाइटवर ढकलायचो. जुन्या अल्बमचा बॅकअप उघडून बसलो तर फेब्रुवारीतल्या एका लग्नाच्या दोन शीट खराब निघाल्या. फाइलची तारीख फेब्रुवारीची. नवीन स्टिक आली एप्रिलमध्ये. म्हणजे नवीन स्टिक दुकानात पडून होती तेव्हापासून जुनी आमच्या फाइली खराब करत होती. मे महिन्यात उकाडा, मशीन दिवसाचे चौदा तास चालू, गरम झाल्यावर मेमरीतला असला दोष वाढतो, आणि ते सगळं नेमकं नवीन स्टिक आल्यावर उघडं पडलं, म्हणून आळ तिच्यावर.

दादाला स्क्रीनचा फोटो दाखवला. "घरच्या मशीनवर काय दिसतं त्याला काय अर्थ?" असं म्हणाला आणि विषय संपवला.

जुन्या स्टिकची वॉरंटी बाकी होती, बिल सापडलं, पाठवली, तीन आठवड्यांत बदलून आली. त्याच कंपनीची, तेच मॉडेल, स्टिकरवर नंबरसुद्धा तोच. सीपीयू-झेड नावाच्या प्रोग्राममध्ये एसपीडीच्या टॅबमध्ये बघितलं तर आतली चिप वेगळ्याच कंपनीची! इथेच खरी मेख आहे आणि दुकानदार हे कधी सांगत नाहीत. मेमरीची चिप जगात मुख्यतः तीनच कंपन्या बनवतात, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. किंग्स्टन, कॉर्सेअर, जीस्किल, एडाटा हे सगळे चिप विकत घेऊन पट्टीवर बसवून आपलं नाव लावतात, आणि ज्या वेळी जी चिप मिळेल ती त्याच मॉडेलमध्ये येते. कॉर्सेअर तर स्टिकरवर व्हर्जन नंबर छापते, व्हर्जन बदललं की आतली चिप बदललेली असू शकते. मग दोन वर्षांच्या अंतराने "त्याच कंपनीची" स्टिक घेतली तर तुम्ही मिक्सच करताय, फक्त वरचा स्टिकर सारखा. उलट दोन वेगळ्या नावांच्या स्टिकवर आत एकच चिप असू शकते.

आणि हे चालतं कारण तसं चालावं म्हणूनच नियम केलेत. जेडेक नावाची संस्था आहे, तिने डीडीआर४ चं स्टँडर्ड २०१२ ला काढलं, १.२ व्होल्ट, २८८ पिना, ठरलेले स्पीड. प्रत्येक स्टिकवर एक बारकी चिप असते, तिच्यात लिहिलेलं असतं की मी कुठल्या स्पीडला किती टायमिंगवर चालते. बायोस सगळ्यांचं वाचतो आणि सगळ्यात हळू असेल तिच्याप्रमाणे बाकीच्यांना चालवतो. आमच्या एच११० वर तर सहाव्या जनरेशनला २१३३ च्या वर जाताच येत नाही, त्यामुळे स्टिकरवर २४०० असो की २६६६, काही फरक पडत नव्हता.

आता तुमच्या ३२०० वाल्या स्टिककडे या. घ्यायच्या आधी स्टिकरवर व्होल्टेज बघा. १.२ व्होल्ट लिहिलं असेल तर ती सरळ ३२०० ची आहे, तुमच्या जुन्या स्टिकबरोबर २६६६ ला येईल. १.३५ लिहिलं असेल तर तो ३२०० एक्सएमपी (बायोसमधली रॅमचा स्पीड वाढवायची सेटिंग) चालू केल्यावरचा स्पीड आहे, एक्सएमपी बंद असताना ती २१३३ किंवा २४०० चीच असू शकते, मग दोघी तिथे येतील. त्यातही रडण्यासारखं काही नाही. ८ ची १६ झाली आणि दोन चॅनेल चालू झाले (ड्युअल चॅनेल, म्हणजे प्रोसेसर दोन्ही स्टिक एकदम वापरतो) हा फायदा त्या स्पीडच्या फरकापेक्षा खूप मोठा आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर आणखीनच. सीपीयू-झेडमध्ये १३३३ दिसलं म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, डीडीआर म्हणजे डबल, त्याची दुप्पट करायची. पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन थोडा वेळ काळी राहील, मशीन एक-दोनदा आपोआप रीस्टार्ट होईल, तेव्हा घाबरून बटण दाबू नका, त्याला जुळवायला वेळ लागतो. चार स्लॉट असतील तर दोन्ही शेजारी-शेजारी खुपसू नका, बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा.

आणि मेमटेस्ट लावा. नवीन लावल्यावर लगेच, एक रात्र. एरर आली तर दोन्ही एकत्र ठेवून चर्चा करत बसू नका, एकेक वेगळी करून तपासा. एकटी असताना पास होतात आणि एकत्रच नापास होतात, असं निघालं तरच मिक्सला दोष द्या. तसंही होतं, मी नाही म्हणत नाही. एएमडीचे रायझेन प्रोसेसर २०१७ ला पहिल्यांदा आले तेव्हा ते रॅमच्या बाबतीत फार नखरे करायचे, नंतर बायोसच्या अपडेटने बरंच सुधारलं. ३६०० वगैरे स्पीडला एक्सएमपी लावून मिक्स चालेलच असं नाही, तिथे कीट घेणारे चुकत नाहीत. डीडीआर५ च्या चार स्टिक लावल्या तर कंपनी एकच असली तरी स्पीड खाली येतो. डीडीआर३ चं मशीन असेल तर १.५ आणि १.३५ व्होल्ट बघून घ्या. स्वस्तात मिळते म्हणून सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड रॅम आणू नका, ती साध्या डेस्कटॉपला चालतच नाही, कंपनी कुठलीही असो. आणि पहिल्यापासून नवीन मशीन बांधत असाल, पैसे असतील, तर कीटच घ्या, मीही तेच घेईन. पण तुमच्याकडे एक चांगली स्टिक आधीच आहे आणि रॅमचे भाव आता जिथे गेलेत तिथे ती काढून टाकायला सांगणं म्हणजे तुमच्या खिशाला भोक पाडणं आहे.

आमच्या त्या बदनाम स्टिकचं पुढे काय झालं तेही सांगतो. २०२० ला लॉकडाउनमध्ये शाळा ऑनलाइन झाली, दादाच्या मुलाला मशीन हवं होतं, दुकानं बंद. सेकंडहँड सातव्या जनरेशनचा आय३ जमवला, त्यात एक तिसऱ्याच कंपनीची ४ जीबी २४०० होती, तिच्या शेजारी मी ही २६६६ वाली ८ जीबी लावली. कंपनी वेगळी, स्पीड वेगळा, साइजही वेगळी. इंटेलवर असं असलं की दोन्हीकडची चार-चार जीबी ड्युअल चॅनेलला चालते आणि उरलेली चार एकेरी. मेमटेस्ट रात्रभर, शून्य एरर. पोरगा त्यावर शाळा शिकला, आता डिप्लोमाला आहे, ऑटोकॅड चालवतो, आणि आजपर्यंत एकदाही निळी स्क्रीन नाही. दादाला हे माहिती आहे. मशीन त्याच्याच हॉलमध्ये आहे. तो म्हणतो, "ते शाळेचं काम आहे, आपलं वेगळं." दादा, ऑटोकॅड आणि फोटोशॉपला वेगळी मेमरी लागत नाही. तुझी सात हजारांची कीट चांगलीच आहे, पण तिने बरं केलं ते त्या २०१६ च्या स्टिकला बाहेर काढून, आणि ती मी तीन हजारांतसुद्धा काढली असती, तू एक रात्र थांबला असतास तर.

तुम्ही बोर्ड कोणता ते लिहिलं नाही. बोर्डाचं मॉडेल आणि दोन्ही स्टिकच्या स्टिकरचे फोटो खाली टाका, मी बघून सांगतो कितीला चालतील ते.