फटक्यांनंतरची तीस वर्षं

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

सतराव्या शतकातल्या अमेरिकेतला बॅप्टिस्ट उपदेशक ओबडाया होम्स, त्याच्यावरचा तुझा मसुदा वाचला. भाषा छान उतरली आहे, पण तू बोस्टनच्या फटक्यांपाशीच घुटमळतोस.

प्रसंग आहेच तसा. जुलै १६५१. होम्स, जॉन क्लार्क आणि जॉन क्रँडल ऱ्होड आयलंड वसाहतीतल्या न्यूपोर्टहून मॅसॅच्युसेट्समधल्या लिनला विल्यम विटर या आंधळ्या, थकलेल्या माणसाकडे जातात आणि रविवारी त्याच्या घरात उपदेश चालू असताना दोन कॉन्स्टेबल वॉरंट घेऊन दारात उभे! तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा न मानणाऱ्यांना मॅसॅच्युसेट्समध्ये थारा नव्हता. तिघांना धरून बोस्टनला नेलं. होम्सला ३० पौंड दंड, नाहीतर चाबूक. त्याने दंड भरला नाही आणि मित्रांनाही भरू दिला नाही. ३० फटके खाऊन तो अधिकाऱ्यांना म्हणाला, तुम्ही मला जणू गुलाबांनी मारलंत. हे वाक्य तू तीनदा वापरलंयस, एकदा पुरे. त्याऐवजी हे घाल: पुढे कित्येक दिवस त्याला अंथरुणाला पाठ टेकवता आली नाही, गुडघ्यांवर आणि कोपरांवर ओणवा राहून तो विसावा घ्यायचा.

क्लार्कला मात्र तू पळपुटा ठरवलंस, ते अजिबात पटलं नाही. त्याचा २० पौंडांचा दंड इतरांनी भरला, खरंय. पण तोच लंडनला गेला, १६५२ मध्ये ही सगळी हकिकत छापली, तिथेच ठाण मांडून बसला आणि १६६३ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याकडून ऱ्होड आयलंडची सनद मिळवली. शांतता न बिघडवणाऱ्याला धर्ममतापायी छळायचं नाही, असं तीत लिहून घेतलं. एवढी वर्षं दरबारी खेटे घालायलाही छाती लागते.

आणि तू दोन ओळींत उरकलेला भाग, तो तर खरा लेख आहे. क्लार्क लंडनला गेल्यावर न्यूपोर्टच्या मंडळीची, म्हणजे तिथल्या बॅप्टिस्ट चर्चची, धुरा होम्सवर आली. १६८२ मध्ये वारेपर्यंत तो तिथलाच. मंडळी फुटली, तीही दोनदा. १६५६ मध्ये डोक्यावर हात ठेवण्याच्या विधीवरून, १६७१ मध्ये शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा पवित्र दिवस, शनिवारी की रविवारी यावरून. शनिवारवाल्यांवर होम्स उपदेशातून तुटून पडला. स्वतः मतभेदापायी चाबूक खाल्लेला माणूस! मला तो इथे जास्त खरा वाटतो. पण या वेळी कॉन्स्टेबल आले नाहीत. शनिवारवाले उठले, त्यांनी वेगळी मंडळी काढली आणि त्याच गावात राहिले. क्लार्कच्या सनदेचा अर्थ तुला इथे दाखवता येईल.

अब्राहम लिंकन होम्सच्या मुलीच्या वंशातला, हेही खरंच. पण सुरुवात त्याने करू नकोस. नातवंडांच्या नावावर आजोबा खपवल्यासारखं होतं.

१६७५ मध्ये त्याने बायकोमुलांसाठी लिहून ठेवलेलं निवेदन आधी नीट वाच, मग १६७१ चा भाग लिहायला घे. फटक्यांची तीन पानं एकावर आण आणि मला पाठव.

तुझा,
सर