चितकुलचा बटाटा आपल्या शिवारात लावावा का?

पाटण तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यातून एका शेतकरी बंधूंचा प्रश्न आला आहे. मुलगा भारत-तिबेट सीमा पोलीस दलात आहे, नेमणूक हिमाचलात किन्नौर जिल्ह्यातल्या चितकुलजवळ. दिवाळीच्या सुट्टीवर येताना त्याने गावातून दहा-बारा किलो बटाटा, थोडा राजमा आणि 'ओगला' नावाचं तिकोनी बी आणलं. ते लिहितात, "तोही डोंगर, आपलाही डोंगर. बटाटा बियाण्याला ठेवू का? ओगला पेरू का? सफरचंदाची रोपंही मागवावीत असा विचार आहे."

सातारा जिल्ह्यात घरटी नाही तरी वाडीत एखादा जवान असतोच, त्यामुळे अशी पिशवी अनेकांच्या घरी आलेली असणार. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बटाटा लावू नका. उकडून, भाजून खा, चवीला तो उत्तमच आहे, पण मातीत घालू नका. हिमाचल, उत्तराखंड आणि जम्मू-काश्मीरच्या डोंगरी भागात सिस्ट सूत्रकृमी, म्हणजे बटाट्याच्या मुळांना लागणारी बारीक जंतासारखी कीड, सापडल्यामुळे केंद्र सरकारने २०१८ मध्ये तिथून बियाण्याचा बटाटा बाहेर नेण्यावर बंदी घातली. नेमक्या चितकुलच्या वावरात ही कीड आहे असं माझं म्हणणं नाही. पण पिशवीतून आलेल्या बटाट्याला ना तपासणी, ना प्रमाणपत्र. या सूत्रकृमीची मादी मेली की तिचंच शरीर टणक पुटी बनतं, टाचणीच्या डोक्याएवढी, आणि आत शेकडो अंडी. बटाट्याच्या डोळ्यातल्या चिमूटभर मातीतून ती सहज प्रवास करते. यजमान पीक नसलं तरी अंडी जमिनीत वीस-वीस वर्षं तग धरतात. टोमॅटो आणि वांगंही तिला चालतं. निलगिरीत ही कीड १९६१ मध्ये आढळली आणि तिथले शेतकरी अजून तिच्याशी झुंजताहेत. दहा किलो फुकटच्या बियाण्यापायी हे दुखणं कशाला घ्यायचं?

दुसरी अडचण हंगामाची. चितकुल साधारण ३,४५० मीटर उंचीवर आहे. हिवाळाभर बर्फ, म्हणून बर्फ वितळल्यावर लागण आणि थंडी पडायच्या आत काढणी, वर्षाला एकच पीक. मान्सून तिथवर पोचेपर्यंत दमलेला असतो. आपल्या कोयनेकाठी पावसाळ्यात बटाटा सरीतच कुजेल. शिवाय सप्टेंबर-ऑक्टोबरात काढलेला ताजा बटाटा दोन-अडीच महिने सुप्तावस्थेत असतो. नोव्हेंबरच्या रब्बी लागणीला तो उगवणार नाही आणि जूनपर्यंत घरात ठेवलात तर सुरकुतेल.

बटाटा करायचाच तर पाणी असलेल्या, निचऱ्याच्या रानात रब्बीत करा. बियाणं पंजाबातून येणारं, शीतगृहातलं, प्रमाणित घ्या. तिकडे थंडीत विषाणू पसरवणारी मावा कीड कमी असते म्हणून बियाण्यात विषाणूही कमी येतात. कुफरी ज्योती, कुफरी पुखराज हे वाण सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचेच, म्हणजे हिमाचलचा बटाटा आपण लावतोच आहोत, फक्त तो रीतसर वाटेनं येतो. एकरी सहा ते आठ क्विंटल बेणं लागतं. शीतगृहातून आणल्यावर आठवडाभर सावलीत, उजेड येईल असं पसरा आणि आखूड, जाड कोंब आले की लावा. लांब पांढरे कोंब लागणीत मोडतात.

राजम्याला माझी हरकत नाही, पण सगळं रान त्याच्या स्वाधीन करू नका. डोंगरातले बरेचसे वाण वेलवर्गीय आणि उशिरा येणारे असतात. त्यांना मक्याचा किंवा काठीचा आधार लागतो. करपा आणि मोझॅक बियाण्यातूनही येतात, म्हणून दोन ओळी वेगळ्या कोपऱ्यात लावा आणि पानं वेडीवाकडी, चट्टेरी दिसली की झाड उपटा. नाहीतर आपल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा काय वाईट आहे? भौगोलिक मानांकन मिळालेला, खरिपात येणारा, बाजारात नाव असलेला.

ओगला म्हणजे कुट्टू, इंग्रजीत बकव्हीट. पाणी साचलं की मरतो आणि उन्हाचा चटका बसला की फूल गळतं. हौस म्हणून ऑक्टोबरात गुंठाभर पेरा. फुलांवर मधमाश्या तुटून पडतात, तेवढा फायदा नक्की. मात्र वरचं टणक टरफल काढायची गिरणी जवळपास आहे का, हे आधी बघा.

सफरचंदाचं थोडक्यात. किन्नौरच्या जुन्या वाणांना सात अंशांखालचे हजारभर तास लागतात. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दवबिंदू गोठले की वर्तमानपत्रात फोटो येतो, पण त्या चार पहाटेंनी हिशेब भरत नाही. हिमाचलातल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी शोधलेला एचआरएमएन-९९ हा वाण कमी थंडीत फळतो. त्याची दोन-तीन रोपं परसात लावून बघा. कर्ज काढून बाग करू नका.

कुणी आधीच असा बटाटा लावला असेल तर साठ-सत्तर दिवसांनी दोन-तीन झाडं हलक्या हातानं खोदून मुळं बघा. पांढरे किंवा सोनेरी बारीक मणी चिकटलेले दिसले तर त्या वावरातली माती, अवजारं, पाणी दुसरीकडे जाऊ देऊ नका. मुळं मातीसकट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तालुका कृषी अधिकारी कार्यालयात आणा. धुऊन आणू नका, मणी गळून पडतात.