लोक टॅटू का काढून घेतात आणि समाज त्यांच्याकडे नाराजीने का पाहतो?

आपल्या प्रश्नाचे उत्तर मला माझ्या घरातच सापडते. मी मूळचा गोव्याच्या आतल्या भागातील सत्तरी तालुक्यातील, सध्या नोकरीनिमित्त पणजीत राहतो.

माझ्या आजीच्या हनुवटीवर तीन ठिपके आणि मनगटाच्या आतल्या बाजूस तुळस गोंदलेली होती. सात-आठ वर्षांची असताना तिला गावात आलेल्या गोंदणारणीपुढे बसवण्यात आले, दोघींनी हात घट्ट धरले आणि काजळीत बुडवलेल्या सुयांनी तुळस टोचली गेली. मेल्यावर सोनेनाणे येथेच राहते, गोंदण तेवढे बरोबर येते, असे ती सांगत असे. शोभा, श्रद्धा आणि जातकुळीची ओळख यांखेरीज गोंदणाला उपचाराचेही अंग होते. दुखऱ्या सांध्यावर गोंदून घेण्याची रीत होती. आल्प्स पर्वतात १९९१ साली बर्फात सापडलेल्या, पाच हजार वर्षांहून जुन्या मानवी देहावर ६१ गोंदणखुणा आहेत, आणि त्यांतील बऱ्याच कंबर, गुडघे व घोटे यांच्या आसपास असल्यामुळे त्याही दुखण्यावरच्या असाव्यात, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने दंडावर आपल्या दिवंगत वडिलांची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, सही गोंदवून घेतली. घरात आठवडाभर अबोला होता. ‘ही किनाऱ्यावरची थेरे आपल्या घरात नकोत,’ असे वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा रोख मला समजला, कारण किनाऱ्यावरच्या हणजुण्याला (अंजुना) १९६० च्या दशकाच्या अखेरीस हिप्पी येऊ लागल्यापासून आमच्या आतल्या तालुक्यांत अंगावरची अशी चित्रे म्हणजे नशापाणी आणि परदेशी वळण, हे समीकरण पक्के बसले आहे. कळंगुट-बागा रस्त्यावरच्या टॅटूच्या दुकानांनी ते पुसले नाही.

माझ्या मते समाजाला शाई खटकत नाही, घरातल्या मोठ्यांना न विचारता स्वतः घेतलेला निर्णय खटकतो. आजीला कोणी विचारले नव्हते, मोठ्यांनीच ठरवले, म्हणून तिचे गोंदण संस्कार ठरले. पुतण्याने कोणाला विचारले नाही, म्हणून त्याचा टॅटू उर्मटपणा ठरला. वास्तविक जवळचे माणूस अंगावर वागवण्याची त्याची ओढ आजीच्या तुळशीहून फार वेगळी नव्हती. केवळ मित्रांचे पाहून किंवा हौसेखातर काढणारेही पुष्कळ आहेत आणि त्यात मला गैर काही दिसत नाही.

हाच भेद सरकारी नियमांतही आढळतो. सैन्यभरतीत कायमचा टॅटू कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूस किंवा हाताच्या पंज्याच्या मागील बाजूसच चालतो. आदिवासी उमेदवारांच्या परंपरागत गोंदणाला मात्र त्यातून सूट मिळू शकते. पुतण्याला सैन्यात जायचे होते आणि सही नेमकी दंडावर होती. लेझरने पुसायचे तर अनेक बैठका लागतात आणि तरीही पुसट खूण राहू शकते. मात्र त्याने आधी घरात विचारले असते, तरी ही अट आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हती.