स्पिटफायरला हेराल्डची चासी कापून बसवता येईल का?

तुमची ट्रायम्फ स्पिटफायर (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) मार्क ३, म्हणजे तिसरी आवृत्ती आहे, चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, गंजली आहे, गॅरेजवाला म्हणतो की स्टँडर्ड हेराल्डची चासी कापून बसवू. ती चालेल का, आणि नसेल तर जुळणारी चासी कुठे मिळेल, असे तुम्ही विचारले आहे.

नाही चालणार. कापू देऊ नका. आमच्या घरात नेमके हेच झाले आहे, म्हणून लिहितो.

आमचीही मार्क ३, १९६७ ची. कांदोळीच्या एका आफ्रिकाकार, म्हणजे आफ्रिकेत राहून परतलेल्या गोंयकार कुटुंबाने ती मोंबासाहून बोटीने आणली होती. वडिलांनी १९७८ मध्ये त्यांच्याकडून घेतली आणि फोंड्याला आणली. तोवर तिने समुद्राचा खारा वारा भरपूर खाल्ला होता, पुढे आमचा पावसाळा. २००९ च्या चतुर्थीनंतर गाडी जॅकवर घेतली तर गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच आत शिरला. आउटरिगर, म्हणजे मधल्या कण्यापासून बाजूला येणारा हात, बिस्किटासारखा फुटला.

दादाला हेराल्डची खडान्‌खडा माहिती. त्याचे म्हणणे, दोन्ही गाड्या बहिणीच आहेत. ते खोटे नाही. दोन्हींचे डिझाइन इटालियन डिझायनर मिकेलोत्तीचे, पुढचे सस्पेन्शन, स्टिअरिंगची रॅक, मागचा डिफरन्शियल एकाच घराण्यातले. हेराल्ड १९६१ पासून मद्रासला बनत होती, त्यामुळे तिचे सामान आपल्याकडे मिळायचे. हेराल्डचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर, साडेएक्क्याण्णव इंच, स्पिटफायरचा त्र्याऐंशी. दादाने वजाबाकी केली, बेळगावच्या भंगारातून हेराल्डची चासी आणली, मधले साडेआठ इंच कापले आणि वेल्डिंग करून जोडली. “लोखंड ते लोखंड,” हे त्याचे शब्द.

वजाबाकी बरोबर होती, समज चूक होता. हेराल्डच्या चासीला दोन्ही कडांना लांब रेल आहेत, बॉडी त्यांवर नुसती बसते. स्पिटफायरला त्या कडा नाहीतच. तिथे ते काम दाराखालच्या सिलच्या पेट्या करतात. शिवाय मागच्या चाकांना पुढेमागे सरकू न देणारे रॉड चासीवर नाही, बॉडीवर बोल्ट केलेले असतात. म्हणजे स्पिटफायरमध्ये बॉडी ही अर्धी चासीच आहे. हे ज्याला कळले नाही त्याने त्या गाडीला पाना लावू नये, मग तो सख्खा भाऊ असला तरी.

आमच्या सिल आधीच कुजल्या होत्या. दाराच्या चौकटीत आडवा पाईप न मारता चार माणसांनी बॉडी उचलली आणि ती मधून बसली. मी तेव्हा पणजीला ऑफिसात. संध्याकाळी घरी आलो तर मूळ चासी भंगारवाल्याला विकूनही झाली होती. तिचे मधले दोन्ही रेल ठणठणीत होते. गेले होते ते फक्त आउटरिगर आणि मागची टोके, आणि हे सगळे दुरुस्त होण्यासारखे होते. त्या संध्याकाळबद्दल मला अजून राग आहे.

पहिल्याच फेरीला फर्मागुडीच्या उतारावर मी मागून स्कूटरने येत होतो. गाडी खेकड्यासारखी तिरकी चालताना स्पष्ट दिसली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गवंड्याचा ओळंबा घेतला. सस्पेन्शनच्या चार बोल्टांपासून खाली सोडून सिमेंटच्या जमिनीवर खडूने खुणा केल्या आणि दोन्ही कर्ण मोजले. सरळ चासीत ते सारखे यायला हवेत, इथे अकरा मिलिमीटरचा फरक. दादा म्हणाला, जमीनच सपाट नाही.

पुढे सहा वर्षे गाडी ताडपत्रीखाली. शेवटी इंग्लंडमधून मार्क ३ चीच जुनी चासी मिळवली, बॉडी तिच्यावर ठेवली, आणि दारे तरीही लागेनात! दादा जिंकल्यासारखा म्हणाला, बघ, माझ्या चासीचा दोष नव्हता. दारांचा दोष वाकलेल्या बॉडीचा होता हे मला मान्य आहे. पण बॉडी वाकली तीही त्याच दिवशी, त्याच घाईत, आणि अकरा मिलिमीटर कुठे गेले याचे उत्तर त्याने आजवर दिलेले नाही. सिल नव्याने घालून, दारे जागेवर ठेवून फटी जुळवल्या तेव्हा गाडी सरळ झाली.

आता तुमचे. आधी टोकदार हातोडीने सगळी चासी ठोकून पाहा. मधले रेल आणि डिफरन्शियलच्या आसपासचा भाग घट्ट वाजत असेल तर चासी शोधूच नका, आहे तीच दुरुस्त करा. आउटरिगर नवे विकत मिळतात. बदलायचीच असेल तर आपल्याच मार्कची घ्या, कारण ब्रॅकेट मार्कागणिक थोडे बदलतात. ट्रायम्फच्याच जीटी६ चा व्हीलबेस तोच आहे, पण सहा सिलिंडरच्या इंजिनासाठी पुढचे टरेट, म्हणजे सस्पेन्शन धरणारे उभे खांब, वेगळे, त्यामुळे खटपट वाढते. आपल्याकडेच बनलेल्या स्टँडर्ड गॅझेलकडे तर बघूच नका, तिला मागे अखंड अ‍ॅक्सल आहे, स्पिटफायरला तसा नाही. शोध इंग्लंडच्या ट्रायम्फ स्पोर्ट्स सिक्स क्लबपासून सुरू करा. विकणाऱ्याकडून कर्णांची मापे आणि टेप दिसेल असे फोटो मागा, नुसत्या “सरळ आहे” या शब्दावर पैसे पाठवू नका. जुने सामान मागवण्यापूर्वी कस्टम्सचे नियमही विचारून घ्या, चासीपेक्षा तिचा प्रवास महाग पडू शकतो.

कागदांचे राहिलेच. स्पिटफायरचा नंबर बॉडीवरच्या पाटीवर असतो, तरी चासी बदलण्याआधी आरटीओची परवानगी घ्या आणि खरेदीची पावती जपा. २०२१ च्या विंटेज नियमांत पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात असावी, चासी-बॉडीत मोठे फेरबदल नसावेत अशी अट आहे. हेराल्डची कापलेली चासी घेऊन तिथे काय सांगणार?

मधले रेलच गेले असतील तर दुरुस्तीचा माझा आग्रह बाजूला ठेवा, ते काम गल्लीतल्या वेल्डरचे नाही. आणि बॉडी उचलण्याआधी दाराच्या चौकटीत पाईप मारा. फटी वर, मध्ये, खाली मोजून लिहून ठेवा आणि ते आकडे इथे टाका, मग पुढचे सांगता येईल.